दाराच्या चौकटीवरचा आकडा

१२ ऑक्टोबर २०१२च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये एका टोयोटा टुंड्रा पिकअप ट्रकनं ‘एन्डेव्हर’ हे अवकाशयान ओढलं. निवृत्त झालेलं यान विमानतळावरून कॅलिफोर्निया सायन्स सेंटरच्या संग्रहालयाकडे निघालं होतं आणि वाटेत ४०५ क्रमांकाच्या महामार्गावरचा पूल लागत होता. पुलाला झेपावं म्हणून यान हलक्या गाड्यावर चढवलं आणि पुढे ही टुंड्रा जुंपली. यान आणि गाडा मिळून वजन ३ लाख पौंडांच्या घरात होतं, म्हणजे सव्वाशे टनांहून जास्त. त्या ट्रकची कंपनीनंच ठरवलेली ओढण्याची मर्यादा मात्र १०,००० पौंडांच्या आसपास होती. ट्रक पूल पार करून गेला आणि टोयोटाला अशी जाहिरात मिळाली की पैसे मोजूनही मिळाली नसती.

त्याआधी १९४७ साली अल्फ्रेड लेतूर्नर या फ्रेंच सायकलपटूनं एअरस्ट्रीम कंपनीचा चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर चक्क सायकलला बांधून ओढला होता. ते छायाचित्र कंपनी आजही मिरवते. दोन्ही प्रसंग खरे आहेत, दोन्हींत लबाडी नाही. तरीही ट्रेलरसाठी गाडी शोधणाऱ्याला त्यांतून काडीचाही उपयोग होत नाही. सपाट रस्त्यावर, माणसाच्या चालीनं, चाकांवरचं ओझं हलवायला त्याच्या वजनाच्या शेकडा एक-दोन भागाएवढाच जोर लागतो. तिथे चढ नव्हता, उतार नव्हता, ताशी ६५ मैलांचा वारा नव्हता, शेजारून सुसाट जाणारा अठरा चाकी ट्रक नव्हता आणि पुढच्या गाडीनं अचानक ब्रेक मारण्याची शक्यताही नव्हती. अमेरिकेच्या महामार्गावर ट्रेलर नेताना हे सगळं एकाच दुपारी भेटू शकतं.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज, संडास-न्हाणीघर, पाण्याच्या टाक्या, गॅसची नळकांडी. नसतं फक्त इंजिन. मोटरहोम स्वतः चालतं, हा ट्रेलर मागे बांधून न्यावा लागतो. मुक्कामी पोचलं की तो कॅम्पग्राउंडवर उभा करून गाडी मोकळी होते, हा त्याचा मोठा फायदा. अमेरिकेतल्या मराठी घरांतही उन्हाळ्याच्या सुट्टीत यलोस्टोन किंवा ग्रँड कॅनियनला जाताना हॉटेलांचे दर पाहून हा विचार डोकावतो. मग प्रश्न येतो तो असा: ‘आपल्या सिएना मिनीव्हॅनला झेपेल का?’ किंवा ‘कोणता ट्रक घेऊ?’ बहुतेक जण उत्तर शोधतात ते जाहिरातीतल्या एका मोठ्या आकड्यात, आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. माझं मत असं की तो आकडा वाचावा, लक्षात ठेवावा आणि मग सरळ गाडीचं चालकाच्या बाजूचं दार उघडावं. खरं उत्तर दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं.

आधी तो मोठा आकडा येतो कुठून, ते पाहू. कोणे एके काळी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं तो ठरवायची. पिकअप ट्रकचा धंदा हा अमेरिकी मोटार उद्योगाचा कणा. तेव्हा शेजाऱ्याचा आकडा ११,००० असेल तर आपला ११,२०० कसा होईल, याची चढाओढ चालायची. अखेर वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेनं २००८ साली ओढण्याच्या चाचणीचं जे२८०७ हे प्रमाणक आणलं. टोयोटानं ते सगळ्यांत आधी, २०११च्या मॉडेलांपासून, पाळायला सुरुवात केली आणि तिच्या टुंड्राचा आकडा एका झटक्यात खाली आला. ट्रक तोच होता, फक्त मोजमाप प्रामाणिक झालं होतं. डेट्रॉइटच्या तिन्ही मोठ्या मोटार कंपन्या त्या वाटेला यायला आणखी काही वर्षं गेली.

या चाचणीतला सगळ्यांत कठीण भाग अ‍ॅरिझोनात आहे. कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणाजवळून राज्यमार्ग ६८ वाळवंटातून वर चढतो आणि सुमारे ११ मैलांत ३,००० फूट उंची गाठतो. उन्हाचा पारा शंभर फॅरनहाइटवर असताना, आतला एसी पूर्ण जोरात लावून, पूर्ण भारानिशी हा चढ चढायचा. मागे दोन्ही बाजूंना एकेकच चाक असलेल्या ट्रकनं ताशी ४० मैलांच्या खाली यायचं नाही आणि तापून काही बिघडताही कामा नये. याशिवाय शून्यापासून ६० मैलांचा वेग ३० सेकंदांत गाठायचा आणि १२ टक्के चढावर उभ्या गाडीला पुन:पुन्हा हलवून दाखवायचं, पुढेही आणि मागेही. चाचणी कडक आहे यात शंका नाही. पण तिच्यात धरलेला भार बघा: चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचे, म्हणजे ६८ किलोंचे. शिवाय जोडणीचं थोडं सामान. मुलं नाहीत, सायकली नाहीत, बर्फाची पेटी नाही, इडलीच्या पिठाचा डबा नाही. थोडक्यात, तो मोठा आकडा दोन सडपातळ माणसांचा आहे.

आता ट्रेलर गाडीवर नेमकं काय करतो ते समजून घ्यायला हवं. तो नुसता मागून येत नाही. त्याचं नाक गाडीच्या मागच्या गोळ्यावर टेकतं आणि खाली दाबतं. या दाबाला टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरच्या बाबतीत तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा अमेरिकेतला दंडक आहे. का असावा, हे बैलगाडी भरणाऱ्याला सांगावं लागत नाही. माल मागे सरकला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं आणि गाडी हाताबाहेर जाते. म्हणून ती थोडी धुरजड भरायची. ट्रेलरचंही तसंच, फरक इतकाच की बैल ताशी ६५ मैलांनी धावत नाहीत. नाक हलकं असलेला ट्रेलर वेग वाढला की डावी-उजवीकडे डुलायला लागतो. एका ठरावीक वेगाखाली हे डुलणं आपोआप विरतं. त्या वेगापलीकडे प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होत जातो आणि शेवटी शेपटीच गाडीला फिरवते. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात याचे प्रयोग झाले आहेत. ट्रेलरमधलं वजन मध्यापासून किती लांब पसरलंय, नाकावर किती भार आहे आणि चाकांचा आस कुठे आहे, या गोष्टी त्यात निर्णायक ठरल्या. सामान मधोमध, आसाच्या जरा पुढे ठेवायचं. मागच्या भिंतीला चार सायकली टांगणं हा त्यामुळे वाटतो तितका निरुपद्रवी प्रकार नाही. आणि डुलणं सुरू झालंच, तर करकचून ब्रेक मारायचा नसतो. स्टिअरिंग सरळ धरून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा आणि हातानं फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे.

नाकाचा हा भार गाडीला स्वतःच्या पाठीवर वाहावा लागतो, म्हणजे तो माणसं आणि सामान यांच्याच हिशेबात मोडतो. म्हणून ते दार उघडायचं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चौकटीवर टायरांच्या हवेच्या दाबाचा एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक किलो किंवा अमुक पौंडांपेक्षा जास्त होता कामा नये, असं त्यावर छापलेलं असतं. हाच पेलोड. हा आकडा त्याच एका गाडीचा असतो. शेजारी उभ्या असलेल्या, त्याच नावाच्या, त्याच रंगाच्या गाडीचा वेगळा असू शकतो. कारण काचेचं छप्पर, विजेवर हलणाऱ्या खुर्च्या, चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा असं जे जे भारी मॉडेलमध्ये येतं, ते या आकड्यातून वजा होतं. सगळ्यांत महागडा ट्रक पुष्कळदा सगळ्यांत कमी वाहणारा निघतो. विक्रेता हे आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नये.

हिशेब करून पाहू. समजा, एका पिकअप ट्रकची जाहिरात सांगते की तो ११,००० पौंड ओढतो, आणि स्टिकरवर पेलोड आहे १,५०० पौंड. आई-वडील आणि दोन मुलं मिळून ५०० पौंड. मागच्या हौद्यात खुर्च्या, शेगडी, सायकली, बर्फाची पेटी मिळून २००. ट्रेलर जोडायचं लोखंडी हिच ९० पौंडांचं. उरले ७१०. ट्रेलरचा नाकावरचा भार १३ टक्के धरला, तर ७१० पौंडांच्या नाकामागे जास्तीत जास्त ५,४६० पौंडांचा ट्रेलर येतो. जाहिरातीतला आकडा निम्म्यावर आला. इंजिन तेच, ताकद तीच. इंजिन थकण्याच्या कितीतरी आधी मागचा आस, स्प्रिंगा आणि टायर यांची मर्यादा संपली. पिकअप ट्रक आणि ट्रॅव्हल ट्रेलर यांच्या बहुसंख्य जोड्यांत पहिली मर्यादा लागते ती ही, आणि पहिल्यांदा ट्रेलर घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती आधी ठाऊक असते.

अटलांटिकपलीकडे गेलं की गंमत होते. टोयोटाची २०२५पर्यंतची आरएव्ही४ हायब्रिड अमेरिकेत १,७५० पौंड, म्हणजे ८०० किलोंच्या आतच, ओढू शकते. जवळपास तीच गाडी युरोपात १,६५० किलो ओढते. युरोपीय माणूस धाडसी आणि अमेरिकी भित्रा, असा अर्थ काढण्याचा मोह होतो. पण युरोपात ट्रेलरचं नाक मुद्दाम हलकं ठेवतात, वजनाच्या चार ते सात टक्के. त्याची भरपाई कमी वेगानं होते: जर्मनीत ट्रेलरसह ताशी ८० किलोमीटर ही मर्यादा आहे, खास मान्यता घेतली तर १००. १,६५० किलोंचे ५ टक्के ८२ किलो होतात आणि ८०० किलोंचे १० टक्के ८०. म्हणजे गाडीच्या पाठीवर पडणारा भार दोन्हीकडे जवळपास सारखाच. बदलतो तो वेग, आणि वेगाबरोबर बाकी सगळं. अमेरिकेतही कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांचीच परवानगी आहे, जरी रस्त्यावर पाहिलं तर ते कुणाला माहीत असावं असं वाटत नाही.

ट्रेलरच्या बाजूनंही एक आकडा फसवतो. माहितीपत्रकात ठळक छापलेलं असतं ते रिकामं वजन. पाणी नाही, भांडी नाहीत, अंथरूण नाही, कधी कधी बॅटरीही नाही. असा ट्रेलर कारखान्याच्या दाराबाहेर कधी दिसत नाही. पाण्याच्या एका गॅलनचं वजन ८.३४ पौंड, ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंडांहून जास्त वाढले. मग चादरी, कुकर, तांदळाची पिशवी, चांदणी, पुस्तकं. रिकाम्या वजनावर हजार पौंड कधी चढतात ते कळतही नाही. म्हणून हिशेबासाठी ट्रेलरचं कमाल मान्य वजन धरावं. ते ट्रेलरच्या पुढच्या डाव्या बाजूला, रस्त्याकडच्या भिंतीवर, छापलेलं असतं. ट्रेलर निम्मा रिकामा नेणारी माणसं जगात असतील, पण ती मराठी नसावीत.

नाकाचा भार गाडीच्या मागच्या आसाच्याही मागे पडतो, त्यामुळे तो तरफेसारखा काम करतो: मागची बाजू दबते, पुढची उचलली जाते. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग पोकळ लागतं आणि ब्रेकची पकड कमी होते, कारण गाडी थांबवण्याचं बरंचसं काम पुढची चाकं करतात. यावर उपाय म्हणून वजन वाटून देणारं हिच मिळतं. त्यातल्या दोन स्प्रिंगच्या पट्ट्या ताणून बसवल्या की भाराचा काही भाग पुढच्या आसावर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर जातो. गाडी पुन्हा सपाट उभी राहते. मात्र या पट्ट्यांमुळे स्टिकरवरचा आकडा वाढत नाही, हे आवर्जून सांगायला हवं. तसा समज बाजारात पसरलेला आहे. आणि काही कंपन्या आपल्या मिनीव्हॅन किंवा क्रॉसओव्हरसाठी असं हिच वापरायला मॅन्युअलमध्येच मनाई करतात, तेव्हा विकत घेण्याआधी ते पान वाचावं.

गाडीची लांबी इथेच महत्त्वाची ठरते, नेमकं सांगायचं तर पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. ते जितकं जास्त, तितकी ट्रेलरच्या झटक्याला गाडी कमी वळते. अमेरिकेतल्या ट्रेलरवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे: ११० इंचांचं अंतर असेल तर २० फुटी ट्रेलर, आणि पुढे दर चार इंचांमागे एक फूट. त्याला शास्त्राचा फारसा आधार नाही. पण आखूड जीप रँग्लरच्या मागे २६ फुटी ट्रेलर पाहिल्यावर पोटात का गोळा येतो, हे तो बऱ्यापैकी सांगतो. ट्रेलरचं नाक हौद्यात, थेट मागच्या आसाच्या वर, बसवणारे फिफ्थ व्हील ट्रेलर मुळातच कमी डुलतात. पण त्यांच्या नाकाचा भार १५ ते २५ टक्के असतो, तेव्हा पेलोडचा प्रश्न तिथे आणखी बिकट होतो.

आता डोंगर. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर डिलनहून आयझेनहॉवर बोगद्याकडे जाताना सुमारे आठ मैल ७ टक्क्यांपर्यंतचा चढ आहे, आणि बोगदा ११,००० फुटांवर. ट्रक आणि ट्रेलर मिळून १४,००० पौंड वजन असेल तर ७ टक्के चढावर ते मागे खेचतं ९८० पौंडांच्या जोरानं. ताशी ६० मैलांनी चढायचं तर निव्वळ त्यासाठी १५५हून जास्त अश्वशक्ती चाकांवर पोचायला हवी. वाऱ्याचा हिशेब वेगळाच. शिवाय साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के घटते, म्हणजे बोगद्यापाशी ती जवळजवळ एक तृतीयांश गेलेली असते. टर्बो असलेलं इंजिन ही घट बरीचशी भरून काढतं. त्यामुळे रॉकी पर्वतात राहणाऱ्यानं टर्बोला पसंती देणं योग्य आहे आणि फ्लोरिडातल्या माणसानं त्यासाठी जीव टाकायची गरज नाही.

वारा मात्र फ्लोरिडालाही सोडत नाही. आठ फूट रुंद आणि दहा फुटांहून उंच अशी ट्रेलरची भिंत हवेत ढकलायची असते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनानं वाढते. ताशी ५५ ऐवजी ६५ मैलांनी गेलं की ती दीडपटीहून जास्त होते. वजनानं हलका पण उंच ट्रेलर बुटक्या जड ट्रेलरपेक्षा जास्त पेट्रोल पितो, तो यामुळेच. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये वजनाइतकीच ट्रेलरच्या दर्शनी क्षेत्रफळाची मर्यादाही दिलेली असते; ती ओळ लोक वाचत नाहीत.

चढापेक्षा मला उताराची धास्ती जास्त वाटते. चढावर ताकद कमी पडली तर फार तर उजव्या पट्ट्यातून ताशी ३५नं रखडत जावं लागेल. उतारावर पडणारी कमतरता जिवावर बेतते. चढताना वजनात साठवलेली सगळी ऊर्जा उतरताना उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती ब्रेकांतूनच जायला लागली तर ब्रेक तापून निकामी होतात. ‘ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर’ हे बोरघाटातल्या ड्रायव्हरांचं सांगणं इथेही शब्दशः लागू आहे. आजच्या ट्रकमध्ये टो-हॉल नावाचं एक बटण असतं, ते दाबलं की स्वयंचलित गिअरबॉक्स खालचा गिअर धरून ठेवतो. डिझेल ट्रकमध्ये धुराची वाट आवळून वेग रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक असतो. डोंगराळ भागात डिझेलचा खरा उपयोग चढावर जेवढा, तेवढाच उतारावर. ट्रेलरला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात. बहुतेक राज्यांत ३,००० पौंडांच्या पुढे ते सक्तीचे आहेत, कॅलिफोर्नियात त्याहून बरेच आधी. पण ते चालवायला गाडीत ब्रेक कंट्रोलर आणि सात पिनांची जोडणी लागते. पिकअप ट्रकमध्ये कंट्रोलर अनेकदा कारखान्यातूनच बसवून येतो, मिनीव्हॅनमध्ये मुद्दाम बसवावा लागतो. गाडी बघताना हे विचारायला विसरू नये.

मग घ्यायचं काय? खरेदीचा क्रम उलटा लावावा: आधी ट्रेलर ठरवावा, मग गाडी. घरात गाडी आहेच आणि ती बदलायची नाही, तर ट्रेलर तिच्या मापानं शोधावा. सिएना आणि ओडिसी या दोन्ही मिनीव्हॅन, योग्य तयारी केली तर, ३,५०० पौंडांपर्यंत ओढतात. मिनेसोटातल्या बॅकस गावी बनणारा स्कॅम्पचा १३ फुटी फायबरग्लासचा ट्रेलर किंवा घडी घालून बुटका होणारा पॉप-अप कॅम्पर त्यांच्या मागे शोभतो. पण सात माणसं भरून नाही: होंडाच्या काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तक्ताच आहे, प्रवासी वाढत गेले की ओढायचं वजन उतरत जातं. पायलट, हायलँडर अशा गाड्यांचा आकडा ठरावीक मॉडेलांत ५,००० पौंडांवर जातो. चौघांच्या कुटुंबासाठी मी तो साडेतीन हजारच समजेन, कारण त्यापुढे टंग वेटनं पेलोड खाल्लेला असतो. टाहो, एक्सपिडिशन, सेकोया या मोठ्या एसयूव्हींत ताकद भरपूर आहे. त्यांचंही कमकुवत अंग पेलोडच.

सर्वसाधारण कुटुंबाला सहसा पुरतो तो हाफ-टन पिकअप: फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५००. हाफ-टन हे नाव जुन्या काळचं. हे ट्रक आता अर्ध्या टनापेक्षा पुष्कळ जास्त वाहतात. एकाच नावाखाली इंजिनं, आस, गिअर यांच्या इतक्या जोड्या असतात की ‘एफ-१५० किती ओढतो’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. साध्या मॉडेलचा, मोठ्या पेलोडचा ट्रक चामड्याच्या खुर्च्यांच्या ट्रकपेक्षा या कामाला सरस. ट्रेलर ७,००० पौंडांच्या पुढे गेला की त्याहून मोठ्या थ्री-क्वार्टर टन ट्रककडे वळावं. तिथेही एक खोच आहे. या वर्गातल्या बऱ्याच ट्रकांचं भारासह कमाल मान्य वजन १०,००० पौंडांच्या आसपास ठेवलेलं असतं आणि डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनाहून शेकडो पौंडांनी जड असतं. त्यामुळे भारी डिझेल ट्रकचा पेलोड कधी कधी एखाद्या साध्या हाफ-टनाएवढाच उरतो. इतके पैसे मोजल्यावर हे स्टिकरवर वाचणं क्लेशदायक असतं.

विजेवरच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. ताकदीचा प्रश्नच नाही. रिव्हियनचा आर१टी ट्रक ११,००० पौंड ओढतो आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो. पण वाऱ्यामुळे एका चार्जमधलं अंतर साधारण निम्म्यावर येतं. शिवाय बरीचशी चार्जिंग केंद्रं गाडी एकटीच येणार असं धरून बांधलेली, म्हणजे दर थांब्याला ट्रेलर सोडा आणि पुन्हा जोडा. घरापासून शंभर मैलांवरच्या तळ्याकाठी जाणाऱ्याला ही गाडी छान आहे. शिकागोहून यलोस्टोनला जाणाऱ्याला सध्या तरी नाही.

सगळी आकडेमोड झाली, खरेदी झाली, तरी एक काम उरतं. अमेरिकेतल्या ट्रकथांब्यांवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. लांबलचक मालवाहू ट्रकांसाठी असले तरी कुणीही थोडे डॉलर भरून त्यांवर गाडी उभी करू शकतं. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस वेगवेगळ्या पट्ट्यांवर येतात आणि तिन्हींची वजनं छापून हातात मिळतात. पहिल्या प्रवासाआधी, सगळं सामान भरून, सगळी माणसं बसवून, तीन वेळा वजन करावं: एकदा हिचच्या पट्ट्या ताणून, एकदा त्या सैल करून आणि एकदा ट्रेलर बाजूला सोडून नुसत्या गाडीचं. सैल पट्ट्यांच्या वजनातून गाडीच्या दोन आसांची बेरीज घ्यायची, तिच्यातून नुसत्या गाडीचं वजन वजा केलं की नाकावरचा खरा भार कळतो. ताणलेल्या पट्ट्यांमुळे पुढच्या आसावर किती वजन परतलं तेही कळतं. मागचा आस मर्यादेबाहेर गेला असेल तर पाण्याची टाकी रिकामी करावी आणि मुक्कामी पोचून भरावी, हौद्यातल्या जड पेट्या ट्रेलरच्या आसावर हलवाव्यात आणि पुन्हा काट्यावर जावं. तेवढ्यानंही आकडा खाली येत नसेल, तर ते प्रवासाला निघण्याआधी कळलेलं बरं.